वैशाखातला श्वास

"पोरगी आमाले पसंत आहे," वरोऱ्याच्या पाहुण्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली. "आता पोरीचं श्वासपत्र पायजे. अन् तिच्या बाबांचंही. ताजं."

पांढरगोट्यात याचं आता कोणाला नवल वाटत नसे. सिमेंटच्या कारखान्याभोवती वाढलेलं हे चंद्रपूरकडचं गाव. श्वासयंत्र आलं तेव्हा ते फक्त कारखान्याच्या दवाखान्यात होतं. खोकला सुरू व्हायच्या कितीतरी आधी, धुळीनं फुप्फुसं किती खाल्ली हे सांगणारं यंत्र, म्हणून सरकारनं ते सक्तीचं केलं. ज्याचा श्वास सत्तर टक्क्यांच्या खाली जाईल त्याला भट्टीत पाठवायचं नाही, त्याच पगारावर मोकळ्या हवेतलं, गेटवरच्या राखणीसारखं काम द्यायचं, असा कायदा झाला. कायदा चांगलाच होता. पण माणसाच्या हाती एक आकडा लागला की तो आकडा दवाखान्यात थोडाच थांबतो? आधी विमावाल्यांनी मागितला, मग बँकेनं, मग कॉलेजांनी, आणि शेवटी तो सोयरिकीच्या बैठकीत पत्रिकेच्या जागी येऊन बसला. बापाची छाती कमजोर तर पोरीचीही तशीच निघेल, असं लोक धरून चालत. सत्तरच्या खाली गेलेल्या माणसाला गावानं नाव ठेवलं होतं, 'फुटका भाता'.

देविदास धांड्यांनी मिशीवरून हात फिरवला. "घ्या ना जी, ताजं घ्या! मागच्या मे महिन्यात माहा एकाहत्तर होता. माह्या बरोबरीचे सारे गेटवर जाऊन बसले. मी अजून भट्टीत पहिला जातो." मग कोपऱ्यात बसलेल्या बहिणीकडे मान वळवून म्हणाले, "आमची अनूच तर यंत्र चालवते. काय अनू?"

अनसूयानं मान हलवली. ती फारसं बोलत नसे. नवरा गेल्यापासून दादाच्या शेजारच्याच क्वार्टरमध्ये राही. उगवत्या सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय पाणी तोंडात घ्यायचं नाही, हा तिचा नेम होता. दादानं भट्टीत विटा लावून तिला बी.एस्सी. केलं होतं, आणि ते ती सूर्याइतकंच रोज आठवत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी देविदास आणि त्यांची मुलगी रेणुका दवाखान्यात आली. जानेवारीचा गारवा होता.

यंत्र म्हणजे माणसाच्या उंचीचं काचेचं कपाट. आत पातळ पडद्याची एक मोठी ढिली पिशवी लोंबत असे. छाती भरून हवा घ्यायची आणि नळीतून सगळी सोडायची. पिशवी फुगे, पण कधीच ताणली जात नसे. त्यामुळे आतला दाब बाहेरच्या हवेइतकाच राही. मिनिटभर तो श्वास तसाच ठेवून यंत्र त्याचा वास घेई, त्यातल्या कणांवरून रोगाचा माग काढी. तेवढ्यात चार कॅमेरे पिशवीचं आकारमान मोजत. तुमच्याच वयाच्या, उंचीच्या निरोगी माणसाचा श्वास शंभर धरला तर तुमचा किती, हा आकडा वर उमटे.

रेणुकानं फुंकलं. एक्याण्णव.

"आत्या, मागच्या मेमध्ये कॉलेजसाठी इथंच मोजले तर माहे शंभर होते!"

"तू पोहे खाऊन आली असशील. हट, मले येऊ दे," म्हणत देविदासांनी नळी धरली. गाल फुगवले, डोळे मिटले, शेवटचा कण निघेपर्यंत फुंकत राहिले.

चौसष्ट.

देविदास त्या आकड्याकडे असे बघत होते, जणू काचेवर दुसऱ्याचंच नाव उमटलं होतं.

"पुन्हा घे."

पुन्हा चौसष्टच. अनसूयानं तीन लिटरची मापाची पिचकारी काढली, नळीला लावली, दांडा दाबला. यंत्रानं बरोबर तीन लिटर सांगितले. यंत्र ठीक होतं. मग तिनं स्वतःच फुंकून पाहिलं. अठ्ठ्याऐंशी. मे महिन्यात तिचे सत्त्याण्णव होते. आणि भट्टीच्या धुळीत तर तिनं उभ्या जन्मात पाऊल ठेवलं नव्हतं.

"दादा, आज कोणाले सांगू नको. मी पाहतो काय आहे ते."

ते दोघं गेल्यावर ती स्टुलावर बसून राहिली. भाऊ, भाची आणि ती, तिघांच्या श्वासातला जवळपास दहावा हिस्सा गेला होता. रोग असा पंगतीत वाढल्यासारखा सगळ्यांना सारखा वाढत नाही. म्हणजे जानेवारीत काही गेलंच नव्हतं. मे महिन्यात काहीतरी जास्तीचं आलं होतं.

आणि मग तिला तो ओला दुपट्टा आठवला.

तीन वर्षांपूर्वीचा मे. भट्टी वर्षातून एकदाच, उन्हाळ्यात बंद होई. थंड झाली की तिच्या पोटातल्या जळक्या विटा फोडून नव्या बसवायच्या. या कामाला आधी यंत्रमानव आणले होते, पण धुळीनं त्यांचे डोळे पार गेले. एकेकाला दुरुस्तीला परदेशी धाडण्यापेक्षा माणसं बरी, असं ठरलं. त्या माणसांना आत सोडण्याआधी तपासणी. बाहेर सत्तेचाळीस अंश. दवाखान्यावर टिनाचं छप्पर. खोलीतला एसी दरवर्षी नेमका याच आठवड्यात मान टाकी. पस्तीस अंशांच्या वर यंत्र काम करत नसे, शिट्टी मारत बसे. बाहेर माणसांची रांग तापत होती आणि आत यंत्र कोकलत होतं.

तेव्हा देविदासच पुढे झाले होते. "बिचाऱ्याले ऊन लागलं अनू. रांजणाले गुंडाळतो तसं कर." यंत्राच्या कडेला एक बारीक जाळी होती, तिच्या आत तापमापक. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा माठात बुचकळला आणि त्या जाळीला गुंडाळला. दोन मिनिटांत यंत्र शांत. सगळी रांग हसली होती. तेव्हापासून दरवर्षी कोणीतरी आपला दुपट्टा भिजवून द्यायचा, इतरांनी त्यावर तांब्यानं पाणी मारत राहायचं, असा रिवाजच पडून गेला. विदर्भात जन्मलेल्या कोणालाही यात वावगं दिसलं नसतं. उन्हानं कोणी तापला तर त्याला ओलं फडकं द्यायचं असतं.

फसगत त्या मायेतच होती. कोरड्या उन्हात ओल्या फडक्याखाली पारा पंचवीसवर येतो. यंत्राला वाटे, खोली पंचवीस अंशांची आहे. पिशवी मात्र पंचेचाळीस अंशांत लोंबत होती.

दाब तोच राहिला की वायू तापमानाप्रमाणे फुगतो आणि आक्रसतो. शाळेत हा नियम सगळेच पाठ करतात. उणे दोनशे त्र्याहत्तर अंशांना शून्य धरून मोजायला लागलं तर तापमान जितक्या पटीनं वाढेल तितक्याच पटीनं वायूचं आकारमान. छातीतून श्वास निघतो सदतीस अंशांचा. तो पंचविसाच्या खोलीत आला तर पिशवीत आकसेल, त्यातली वाफही थोडी पाणी होईल. म्हणून यंत्र प्रामाणिकपणे शंभरामागे सात-आठ आपल्या पदरचे घाली. पण श्वास आकसलेलाच नसे! उलट त्या तव्यासारख्या खोलीत तो आणखी दोन-तीन टक्के फुगलेला असे. फुगलेल्या श्वासावर यंत्राची ती भर. असे मिळून दहा.

चौसष्टचे एकाहत्तर झाले होते ते असे. आणि अशाच फुगलेल्या आकड्यांवर तीन उन्हाळे तिचा भाऊ भट्टीच्या पोटात उतरला होता.

संध्याकाळी तिनं दादाच्या घरी सगळं सांगितलं. शेवंतावैनी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही, पण थापण्याचा आवाज मोठा झाला.

"म्हणजे मेमध्ये परत एकाहत्तर येईन ना?" देविदासांनी विचारलं.

"येईल. पण ते खोटे आहेत दादा."

"मग झालं तर! पाहुण्यांना सांगतो, मेमध्ये घ्या. जानेवारीत सर्दी होती मले."

"आणि भट्टी?"

"भट्टीचं काय? तीस वर्षं उतरून राह्यलो."

"म्हणूनच म्हणतो. अजून दोन उन्हाळे उतरलास तर श्वास ऑक्सिजनच्या नळीवर येईल. नळीवर आलेली माणसं तू पाह्यली आहेस."

देविदास ताटावरून उठले. "अनू, मी गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याले सलाम ठोकू काय? पोरं 'फुटका भाता' म्हणतीन, ते ऐकू? अन् माह्या रेणूचं लग्न मोडू? तुले शिकवलं ते याच्यासाठी?"

हे शेवटचं त्यांच्या तोंडून निसटलं. निसटलेलं परत घेता येत नाही, म्हणून ते बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले.

"बाई," वैनी भाकरीकडे बघतच म्हणाली, "तुम्ही देवाधर्माच्या. तुमच्या तोंडून निघालं तर लोक खरं मानतीन. म्हणून म्हणतो, नका बोलू."

अनसूया दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांकडे गेली. खानझोडेसाहेब तिच्याच वयाचे, इंजिनिअर, बोलायला गोड. तिनं पिशवी, दुपट्टा, दहा टक्के, सारं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही, काही विचारलंही नाही. ते ज्या तऱ्हेनं विचारत नव्हते त्यावरूनच तिला कळलं.

"तुम्हाला माहीत होतं, साहेब."

"अकरावीतला नियम आहे, बोरकुटेबाई." त्यांनी पेन बंद केलं. "पण मी दुपट्टा लावायला सांगितलं का कधी? तुमच्याच लोकांनी लावला. प्रेमानं लावला. तो काढला तर निम्मी माणसं बाद. निम्मी माणसं बाद तर भट्टी वेळेत चालू होत नाही. मग वरून विचारणा मला होते, तुम्हाला नाही."

"एसी दुरुस्त केला तरी चालेल."

"पुढच्या वर्षी बघू. आणि एक सांगू? त्या माणसांना तो आकडा हवा आहे. विचारा तुमच्या भावाला."

ते त्यांनी इतक्या हळू म्हटलं की तिला ते जास्त लागलं.

"बरं, साहेब," ती म्हणाली आणि उठली. साहेबांना वाटलं बाईंनी ऐकलं. अनसूयाला ओळखणाऱ्यांना माहीत होतं, की तिचं 'बरं' म्हणजे फक्त समोरच्याचं बोलणं संपलं, एवढंच असतं.

मे उजाडला. तपासणीच्या दिवशी टिनाच्या छपराखाली रांग लागली. डोक्याला दुपट्टे, हातात पाण्याच्या बाटल्या. श्रावण नैताम हा गड्यांमधला गमत्या. त्यानं आपला दुपट्टा माठात बुचकळून आणला आणि दारातून ओरडला, "बाई, यंत्राचं मंगळस्नान आणलं! यंदा मान माहा!"

"नको, श्रावणभाऊ. ठेव तिकडे."

"काहून? मागच्या वर्षीचा जास्त साफ होता काय?"

यंत्रानं शिट्टी मारायला सुरुवात केली. अनसूया त्या जाळीला पाठ लावून उभी राहिली. शिट्टी वाढत गेली. रांगेतून माणसं दारात गोळा झाली, मागची पुढच्यांच्या खांद्यावरून डोकावू लागली. कोणीतरी साहेबांना बोलवायला पळालं.

तिनं त्यांना सांगितलं. पोथी वाचून दाखवावी तसं, सावकाश, आवाज न चढवता सांगितलं. शिट्टीच्या वर तिचा आवाज जात नव्हता, म्हणून ऐकायला सगळ्यांना गप्प व्हावं लागलं. तुम्ही सोडलेली हवा उन्हानं फुगते. वर यंत्र फसतं आणि आणखी भर घालतं. तुम्हाला सांगितलेला आकडा तुमच्या छातीचा नाही.

एकदम गलका उठला.

"आमाले बाद करून राह्यली काय बाई?"

"साहेबानं शिकवून पाठवलं वाटते!"

"साहेब कशाला शिकवीन बे? साहेबाले तर आत पाठवाले माणसं पायजेत."

"बाई," श्रावण आता हसत नव्हता, "माहा भाता फुटका का धड, हे कळून मी काय करू? कळलं नाई तर निदान झोप तरी लागते."

"पगार तोच राहील. कायदा आहे."

"पगार तोच, मान्य. पण माही बायको बायांच्या मेळाव्यात बसते, तिथं काय सांगीन?"

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. देविदास येत होते. त्यांच्या हातात त्यांचा स्वतःचा दुपट्टा होता, भिजलेला, पाणी गळणारा. मागे खानझोडेसाहेब.

"हो बाजूला."

"नाही, दादा."

"मी लावला होता पहिल्यांदा. मीच लावतो."

"तू मायेनं लावला होतास. आता तुला माहीत आहे." ती जाळीसमोरून तसूभरही हलली नाही. "आता लावशील तर ती माया नाही."

भावाबहिणीत हातभर अंतर होतं. दुपट्ट्याचं पाणी फरशीवर टपटपत होतं आणि पडलं की लगेच वाळत होतं. देविदासांनी बहिणीला आजवर कधी हात लावून बाजूला केलं नव्हतं. आजही त्यांच्यानं ते झालं नाही. त्यांनी दुपट्टा पिळला, खांद्यावर टाकला आणि कोणाकडे न बघता निघून गेले.

"बोरकुटेबाई," साहेब म्हणाले, "हा कामात अडथळा आहे. उद्या तुमच्या जागी दुसरं कोणी असेल."

"असू द्या, साहेब. पण यंत्राला आज माझाच अंगठा लागतो. दुसऱ्याचा नोंदवून यायला परवा उजाडेल." तिनं वर टांगलेल्या सूचनेच्या पाटीकडे बोट दाखवलं. "कायद्यात तपासणीची वेळ लिहिलेली नाही. खोली पस्तीसच्या खाली हवी, एवढंच लिहिलंय. या दिवसांत पहाटे छप्पर निवलेलं असतं. मी रोज त्या वेळेला अंगणात असते, मला ठाऊक आहे." मग ती माणसांकडे वळली. "उद्या सूर्य वर यायच्या आधी मी इथं बसलेली असेन. ज्याला स्वतःचा श्वास बघायचा आहे त्यानं यावं. ज्याला नको, त्यानं येऊ नये. कोणाचं नाव मी घेणार नाही."

तिनं यंत्र बंद केलं. शिट्टी थांबली तेव्हा कानांना कसंतरीच झालं.

पहाटे ती दार उघडून बसली. पारा एकोणतीस. दाराबाहेर अजून धूसर होतं, झाडांवर कावळे नुकतेच बोलायला लागले होते. कोणी आलं नाही. ओठ सुकले, पण अर्घ्य अजून व्हायचं होतं, म्हणून तिनं पाणी घेतलं नाही. तिनं मनातल्या मनात स्तोत्र म्हणायला घेतलं, आणि एकाच ओळीवर ती पुन्हा पुन्हा येत राहिली. आपण दादाचं घर मोडायला निघालो आहोत का, हा प्रश्न त्या ओळीआड उभा होता.

पावलं वाजली. शेवंतावैनी. एकटीच.

"माहा मोजा आधी," ती म्हणाली.

"वैनी, तुम्ही..."

"मोजा म्हणलं ना."

वैनीनं फुंकलं. चौऱ्याण्णव. तिनं आकड्याकडे पाहिलंही नाही. नळी हातात धरूनच ती बोलू लागली. "तुमच्या दादाले आडवं होऊन झोपता येत नाई. दिवाळीपासून. पाठीले उशा लावून बसवतो मी. कोणाले सांगितलं नाई. तुमाले बोलू नका म्हणलं, कारण तुम्ही बोलल्या की ते खरं होईन, असं वाटलं मले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "बाहेर कडुनिंबाखाली उभा आहे. लाजून राह्यला. रेणूनं आणला हाताला धरून."

रेणुका बापाला आत घेऊन आली. देविदासांनी बहिणीकडे पाहिलं नाही, नळी मात्र हातात घेतली. छाती भरून घेताना त्यांच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या. फुंकलं. पिशवी भरत गेली आणि मध्येच कुठेतरी थांबली. वर बरीच जागा मोकळी राहिली.

बासष्ट.

"एवढाच?"

"एवढाच, दादा."

त्यांनी काचेवर, त्या अर्ध्या पिशवीपाशी बोट टेकवलं. "म्हणजे बाकीचं नुसतं ऊन होतं."

अनसूयाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते येऊ दिलं.

"आत्या, बाबांच्या या आकड्याचा फोटो आत्ताच पाठवला मी वरोऱ्याले," रेणुका म्हणाली. "खाली लिहिलं, मी सून म्हणून येईन, बाबांच्या छातीचा आकडा आंदण म्हणून नाई येणार."

"अगं बाई! मले विचारायचं तरी!" वैनी चमकली.

"तू आत्याले विचारलं होतं काय, गप्प बसा म्हणताना?"

देविदास हसले, हसता हसता त्यांना खोकला आला. तो खोकला त्यांनी पहिल्यांदाच लपवला नाही.

दाराबाहेर श्रावण उभा होता. त्याच्यामागे आणखी चार जण, त्यांच्या मागे कोणीतरी सायकल लावत होतं. "आम्ही पाहाले आलो, बाई," श्रावण म्हणाला, "मोजाले नाई." पण शेवटी त्यानं नळी हातात घेतली. छप्पर तापेपर्यंत अनसूया फुंकवत राहिली. कोणी आकडा बघून शिवी दिली, कोणी नुसतं डोकं हलवलं. एक तरुण पोरगा त्र्याऐंशी बघून नाचायला लागला आणि भोवतालचे चेहरे बघून थांबला. पारा पस्तीसला टेकला तेव्हा तिनं यंत्र बंद केलं आणि बाहेर येऊन, वर आलेल्या सूर्याला उशिराचं अर्घ्य दिलं. एवढा उशीर तिच्या नेमात कधी झाला नव्हता. पण त्या दिवशी तिला त्याचं वाईट वाटलं नाही.

साहेबांनी दुपारीच फलकावर लावलं. पहाटेची तपासणी वेळापत्रकाबाहेरची, म्हणून रद्द. नवी तपासणी मुख्य कचेरीतून माणूस आल्यावर. तोवर गेल्या वर्षीचे आकडे ग्राह्य, उद्या भट्टी उघडायची.

भट्टी उघडायची म्हणजे पांढरगोट्यात छोटा सणच असे. लोखंडी दार बाजूला होई. आतलं अंधारं, वर्षभराच्या राखेचं पोट दिसे. गवंड्यांमधला सगळ्यात जुना माणूस दारापाशी नारळ फोडी आणि मग पहिलं पाऊल आत टाकी. त्याच्यामागून इतर. तीन वर्षं तो मान देविदासांचा होता.

दुसऱ्या सकाळी सगळी माणसं हातोडे घेऊन जमली. अनसूयाही आली, कठड्यापाशी उभी राहिली. तिला कामावरून कमी केल्याचं कालच कळलं होतं, पण उभं राहायला कोणी मनाई केली नव्हती. दार सरकलं. आतून गरम, करड्या धुळीचा भपका बाहेर आला आणि पुढच्या रांगेतल्यांनी नकळत श्वास रोखला.

देविदास पुढे झाले. हळदकुंकू वाहिलं. नारळ उचलला आणि दाराच्या उंबऱ्यावर एका घावात फोडला. पाणी लोखंडावर पसरलं.

"चला, देविदासभाऊ," खानझोडेसाहेब म्हणाले.

देविदास तिथंच वळले. खाली वाकून त्यांनी आपला हातोडा उचलला आणि दोन्ही हातांवर आडवा धरून साहेबांपुढे केला, घरातला मान बाहेरच्या पाहुण्याला द्यावा तसा.

"देवाचं देवाले दिलं, साहेब. आता पाऊल तुम्ही टाका."

"म्हणजे?"

"तुमचा श्वास शंभर आहे. माहा बासष्ट. कायदाच म्हणते, कमीवाला बाहेर राह्यला पायजे."

"तो आकडा रद्द झालाय."

"आकडा झाला असंन रद्द." देविदासांनी छातीवर हात ठेवला. "हे कसं रद्द कराल?"

कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. साहेबांनी हातोड्याकडे पाहिलं, मग त्या उघड्या तोंडाकडे. ते पुढे झाले नाहीत. देविदासांनी थोडी वाट पाहिली, मग हातोडा उंबऱ्यावर आडवा ठेवला आणि स्वतः त्याच्याशेजारी मांडी घालून बसले. दाराच्या बरोबर मध्ये.

श्रावणनं आपला हातोडा ठेवला. मग दुसऱ्यानं. ज्याचे त्र्याऐंशी आले होते तो पोरगा चुळबुळत उभा राहिला. त्याला आत जायला काही अडचण नव्हती. पण त्यानंही बाजूच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि हातोडा खाली ठेवला. लोखंडावर लोखंड वाजत गेलं.

साहेब कठड्याकडे वळले. "बोरकुटेबाई, तुम्ही समजवा यांना. तुमचं ऐकतील."

"मी काय समजवू, साहेब?" अनसूयाचा आवाज नेहमीइतकाच हळू होता, आणि तो ऐकायला सगळे थांबले. "मी सांगायचं ते सांगून झालं. खोली गार करा, दुपट्टा काढा, सगळ्यांना पुन्हा मोजा. जे पुरे पडतील ते आत जातील. तोवर हे इथं बसतील आणि मीही बसेन."

ती पायऱ्या उतरून खाली आली. पदर सारखा करून दादाच्या शेजारी, त्या राखेच्या उंबऱ्यावर बसली. देविदासांनी तिच्याकडे तिरकं पाहिलं. जानेवारीपासून त्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती.

"अनू, चाकू आहे काय?"

नव्हता. मग त्यांनी फुटका नारळ दगडावर आपटून खोबरं मोकळं केलं, बोटांनीच तुकडे केले आणि बसल्या जागेवरून वाटायला सुरुवात केली. श्रावणला, त्या पोराला, मागच्या रांगेतल्यांना. शेवटी एक तुकडा त्यांनी साहेबांच्या तळहातावर ठेवला.

"घ्या, साहेब. आज भट्टीचं काम काही सुरू व्हायचं नाई, अन् आमीबी इथून हलायचे नाई. बसा सावलीत."